कापाकापी फुकट, पीळ सोडवणं महाग

स्प्लायसिंग, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या आरएनएमधले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापून उरलेले जोडणं, शिकवायला घेतलं की मी फळ्यावर आधी एकच प्रश्न लिहिते: यात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, कुठे खर्च होतो? ‘इंट्रॉन कापायला’ हे उत्तर वर्गातून हमखास येतं, आणि मग तासाला खरी मजा येते. कारण कापायला आणि जोडायला एटीपी लागतच नाही. दोन्ही पायऱ्यांत फॉस्फेटचा एक बंध तुटतो, तिथेच दुसरा तयार होतो. फिटंफाट.

तरी एटीपी काढून घ्या, स्प्लायसिंग ठप्प. सगळा खर्च आरएनएचे पीळ सोडवणाऱ्या हेलिकेज विकरांचा. यीस्टमध्ये या कुळातली आठ विकरं स्प्लायसिंगला लागतात. (परीक्षेत त्यांची नावं घोकून लिहायला लावणं मला कधीच पटलेलं नाही.)

ब्रर-२ मात्र माहीत हवंच. यू-२, यू-४, यू-६ हे स्प्लायसिंगच्या यंत्रणेतले छोटे आरएनए. त्यातला यू-६ आधी यू-४ शी घट्ट जुळून बसलेला असतो. ब्रर-२ ही जोडी सोडवतं, तेव्हा कुठे यू-६ मोकळा होऊन यू-२ शी जुळतो आणि मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवणारा, कापाकापी करणारा गाभा तयार होतो. म्हणजे वेळ येईपर्यंत कात्री म्यानात. ब्रर-२ ने घाई केली तर सगळाच घोळ, म्हणून प्रप-८ या प्रथिनाचं शेपूट त्याच्या आरएनए जाण्याच्या वाटेत बोळा घालून बसतं.

माझं लाडकं विकर प्रप-१६. पहिल्या कापानंतर पुढची मांडणी तेच करतं, आणि जाता जाता परीक्षकाचंही काम करतं. क्रिस्टिन गथ्री यांच्या प्रयोगशाळेनं इंट्रॉनमधलं ‘ए’ हे महत्त्वाचं अक्षर (पहिल्या कापात इंट्रॉनचं टोक यालाच जोडलं जातं) बदलून ‘सी’ केलं. असा इंट्रॉन एरवी नीट कापला जात नाही. पण प्रप-१६ मध्येच बिघाड होऊन त्याचं एटीपी फोडणं मंदावलं, तर हा सदोष मालही बऱ्यापैकी पुढे सरकतो. रेंगाळणाऱ्या आरएनएला बाद करायचं प्रप-१६ चं घड्याळ मागे पडलं, एवढंच!

शेवटी प्रप-२२ तयार एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश) सोडवतं आणि प्रप-४३ उरलेला पसारा मोडतं, म्हणजे सुटे भाग पुन्हा वापरात.

‘यीस्टचं कौतुक आम्हाला कशाला?’ असं कुणी पुटपुटलंच, तर मी माणसातल्या ब्रर-२ वर येते. त्याच्या आणि प्रप-८ च्या त्या शेपटाच्या जनुकांतल्या काही उत्परिवर्तनांमुळे रेटिनायटिस पिग्मेंटोसा होतो: आधी रातांधळेपणा, मग नजरेचा घेर आक्रसत जातो. स्प्लायसिंग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चालतं, आणि फटका बसतो तो डोळ्याच्या पडद्याला.