प्राणी आणण्याआधी लिहिलेली वही

आमच्या घरी प्राणी पाळण्याचा विषय निघाला तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिला कुत्र्याचे पिल्लू हवे होते. नवऱ्याच्या मनात लहानपणापासून बीगल होता. मला स्वतःला काय हवे आहे हे नीट सांगता येत नव्हते, पण काय नको हे मात्र पक्के ठाऊक होते. शाळेत असताना माझ्याकडे काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश होते आणि ते पंधरा दिवसांच्या आत मेले. ते कशाने मेले हे कळायला मला पुढे वीस वर्षे लागली. त्या माशांची बोच असेल कदाचित, पण कोणता प्राणी आणायचा यावर वाद घालण्याआधी मी एक साधी वही केली आणि आमचे घर प्रत्यक्षात कसे चालते, ते दोन आठवडे तीत लिहून काढले.

वहीत चारच रकाने होते : घर किती वाजता रिकामे झाले, सर्वांत आधी कोण परतले, घरातल्या कोणाला सलग अर्धा तास मोकळा मिळाला का, आणि रात्री दिवे कधी मालवले. जे घडले तेच लिहायचे, घडायला हवे होते ते नाही, एवढा एकच नियम होता. चौदा दिवसांपैकी दहा दिवस घर साडेनऊ तास किंवा त्याहून अधिक काळ रिकामे होते. सकाळी फिरायला जाण्याचा बेत आमच्या बोलण्यात रोज असे, वहीत तो तीनदाच उतरला. रविवार मात्र ऐसपैस होते. प्राण्याबद्दलची आमची सगळी स्वप्ने रविवारचीच होती हे त्या वहीमुळे कळले, आणि जो प्राणी यायचा तो आमच्या घरात मंगळवारीही राहणार होता.

पिल्लाचा प्रश्न त्या रकान्यांनीच निकालात काढला. पिल्लू लघवी किती वेळ रोखू शकते याचा एक ढोबळ आडाखा आहे : जितके महिने वय तितके तास, फार तर एक अधिक. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसभरात दर तीन-चार तासांनी बाहेर न्यावे लागते, आणि रात्रीही एखाद-दुसऱ्या वेळी उठावे लागते. शिवाय साधारण ३ ते १४ आठवडे हा काळ पिल्लाच्या घडणीचा असतो. अनोळखी माणसे, वाहनांचे आवाज, इतर प्राणी, पायऱ्या, छत्री या सगळ्यांशी त्याची न घाबरता ओळख याच दिवसांत व्हावी लागते, नाहीतर मोठेपणी तेच कुत्रे भित्रे किंवा चावरे निघण्याची शक्यता वाढते. पहिले काही महिने घरात कोणीतरी असलेच पाहिजे, असा याचा सरळ अर्थ आहे, आणि आमच्या घरात त्या वेळी कुलूप असे.

बीगलबद्दल नवऱ्याशी थोडे अधिक बोलावे लागले. कुत्र्याची जात म्हणजे केवळ रंग आणि कानांचा आकार नव्हे, ती कोणत्या कामासाठी जोपासली गेली याचा तो इतिहास असतो. बीगल वासाचा माग काढण्यासाठी आहे, त्यामुळे एकदा नाक जमिनीला लागले की धन्याची हाक त्याला दुय्यम वाटते, आणि एकटा पडला की तो घसा मोकळा करतो. बॉर्डर कॉली मेंढ्या हाकण्यासाठी आहे. तिला मेंढ्या मिळाल्या नाहीत, तर ती घरातली मुले हाकू लागते. सायबेरियन हस्की बर्फावरून गाडी ओढत मैलोन्‌मैल धावण्यासाठी आहे. याउलट ग्रेहाउंड धावण्यासाठी एवढा प्रसिद्ध, पण तो थोड्याच अंतरात सगळा वेग संपवणारा प्राणी असल्याने घरात बहुतेक वेळ लोळत असतो. ही माहिती ऐकून आळशी मंडळी हटकून चकित होतात. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जाती लहान घरासाठी सोयीच्या म्हणून घेतल्या जातात, परंतु कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो आणि या जातींना श्वास घेणेच कष्टाचे असते, हे घेणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही. मला विचाराल तर, घरातला एक माणूस दिवसा घरी असेल, त्या कुटुंबाने निवारा केंद्रातले पाच-सहा वर्षांचे मिश्र जातीचे कुत्रे आणावे. त्याचा स्वभाव आणि आकार ठरून गेलेला असतो आणि त्याची कामे करणाऱ्या माणसालाही तो भेटलेला असतो, म्हणजे निवड अंदाजाने करावी लागत नाही.

पिल्लू बारगळल्यावर मुलीने सशाची मागणी केली. ससा म्हणजे लहान मुलांसाठी सोपा आणि गरीब प्राणी, ही समजूत इतकी रूढ आहे की ती खोडण्यात माझे दोन आठवडे गेले. सशाला उचलून घेतलेले सहसा आवडत नाही. उंचावर पकड मिळाली म्हणजे शिकार झाली, एवढेच त्याच्या अंगाला ठाऊक असते. तो घाबरून मागचे पाय झटकतो, आणि पकड चुकीची असेल तर त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. म्हणजे मुलीला ज्यासाठी तो हवा होता, नेमके तेच त्याला नको असते. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजावेत म्हणून त्याच्या आहाराचा मोठा भाग सुके गवत असावा लागतो, चित्रांतले गाजर फक्त खाऊपुरते. बारा तास त्याने काही खाल्ले नाही, तरी आतड्यांची हालचाल मंदावून जीव धोक्यात येतो, त्यामुळे ‘उद्या पाहू’ असे सशाच्या बाबतीत म्हणता येत नाही. आणि तो आठ ते बारा वर्षे जगतो. मुलगी शिकायला घराबाहेर पडेल तेव्हा ससा माझ्याजवळ असेल, हा हिशेब मी तिच्यासमोर मांडला. मुलांना जबाबदारी शिकवण्यासाठी प्राणी आणावा असे म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. जबाबदारी शिकताना मूल चुकणार आणि त्या चुकीची किंमत तिसराच जीव मोजणार, ही शिकवण्याची रीत नव्हे. प्राणी घरातल्या मोठ्या माणसाचा असतो, मुलाने हातभार लावला तर उत्तम.

गिनीपिगचा विचार फार काळ टिकला नाही. हा कळपाने राहणारा प्राणी आहे, आणि स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमावलीने अशा प्राण्याला एकटे ठेवायलाच मनाई केली. म्हणजे एक आणायचा तर दोन आणावे लागतात, आणि पुढे त्यातला एक गेला की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. हॅम्स्टर याच्या उलट, एकटाच रमणारा, पण तो जागा होतो तेव्हा नऊ वर्षांचे मूल झोपायला गेलेले असते, आणि तो जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो. पोपट आणि कासव यांना मी आयुष्याच्या लांबीवरून बाजूला ठेवले. रुपयाएवढे दिसणारे रेड-इअर्ड स्लायडर जातीचे कासव पुढे पाऊण ते एक फूट होते आणि वीस-तीस वर्षे जगते. आफ्रिकन ग्रे पोपट चाळीस वर्षेही जगतो, त्याला माणसाची सोबत लागते आणि ती मिळाली नाही तर तो स्वतःचीच पिसे उपटू लागतो. रानातून त्यांना पकडण्याचे प्रमाण इतके वाढले, की २०१६ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालण्याचा निर्णय झाला.

आता माझ्या माशांबद्दल. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांच्यासाठीच विषारी असतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत काही जीवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करत असतात, पण या जीवाणूंची वसाहत जमायला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. माझ्या गोल भांड्यात फिल्टर नव्हता आणि मी तर दर दोन दिवसांनी ते घासूनपुसून लख्ख करत असे, म्हणजे जमू पाहणारे जीवाणूही धुऊन टाकत असे. वीतभर वाढणारा, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगणारा मासा मी स्वच्छतेच्या हौसेपायी घालवला. मासे पाळण्यात दिवसाचे तास फारसे जात नाहीत, मात्र ठरल्या दिवशी थोडे पाणी बदलण्याची, पाणी तपासण्याची आणि मोजूनच खाणे घालण्याची शिस्त लागते. ज्यांचे घर शिस्तीने चालते आणि ज्यांना प्राण्याला हात लावण्याची ओढ नाही, अशांसाठी मासे फार चांगले. आमची मुलगी पाण्यात हात घालणारी आहे.

उरली मांजर, तीही पिल्लू नव्हे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते, हे आमच्या रिकाम्या घराशी जुळणारे होते. मात्र नवऱ्याला शिंकांचा त्रास आहे. मांजरांची ॲलर्जी केसांमुळे होते असे आपण समजतो, परंतु तिचे मुख्य कारण म्हणजे मांजरीच्या लाळेत आणि त्वचेत असणारे एक प्रथिन. ते वाळून हवेत तरंगते, त्यामुळे बिनकेसांची मांजर आणूनही सुटका होत नाही. म्हणून आम्ही निर्णय घेण्याआधी दोन मांजरी असलेल्या एका परिचितांच्या घरी तीन वेळा जाऊन दुपारभर बसलो. नवरा तिसऱ्या खेपेलाही शिंकला नाही, तेव्हा पुढचे बोलणे सुरू झाले. मांजर जात्याच मांसाहारी आहे, टॉरिन नावाचे द्रव्य तिला अन्नातून मिळावेच लागते, तेव्हा घरात मांस नकोच असणाऱ्यांनी मांजर आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि फुलदाणीतली लिली कायमची बंद केली, कारण तिचे परागकणही मांजरीचे मूत्रपिंड निकामी करू शकतात.

शेवटी वहीत मी पाचवा रकाना आखला : आपण नसताना कोण. दोन शेजाऱ्यांना विचारले. एकीने कुत्र्याला फिरवायला जमणार नाही असे प्रामाणिकपणे सांगितले, पण मांजरीला दोन वेळा खायला घालून वाळूचा ट्रे साफ करण्याची तिची तयारी होती. त्यानंतर निवारा केंद्रातून पाच वर्षांची, नसबंदी झालेली, करड्या रंगाची मांजर घरी आली आणि पहिले तीन दिवस पलंगाखालीच राहिली.

मांजर संधिप्रकाशात सर्वांत चपळ असते, हे मी वाचले होते, पण वहीत मी पहाटेचा रकाना ठेवलाच नव्हता. ती पाच वाजता उशीशी येऊन बसते. रात्री झोपण्याआधी तिला दमेपर्यंत खेळवून मग शेवटचे खाणे द्यायचे, हा उपाय आम्ही दोन महिने नेटाने करत आहोत आणि त्यामुळे पाचाचे सव्वापाच झाले आहेत.