माठ आणि खडक

आज संध्याकाळी आईला घेऊन कुंभारवाड्यात माठ आणायला गेले. तिने बोटाने टकटक केलं, कान लावला, दोन माठ बाजूला सारले आणि तिसरा उचलला. मी बघतच राहिले. दिवसभर ऑफिसात मी हेच तर करत होते!

सायस्मिक इन्व्हर्जन म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींच्या प्रतिध्वनीवरून उलट हिशेब करत खडकाची इम्पीडन्स काढायची, म्हणजे घनता गुणिले लहरीचा वेग. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं ते चुनखडकात. अशा खडकात सच्छिद्रता, म्हणजे तेल-पाणी मावणारी बारीक पोकळी, वाढली की इम्पीडन्स उतरते. पण एकाच प्रतिध्वनीला अनेक उत्तरं जुळतात, आणि अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा भाग नोंदीत बहुधा नसतोच. तो तेलविहिरींच्या लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदींवरून, भरावा लागतो.

आज एक विहीर मुद्दाम बाजूला ठेवून तिथली सच्छिद्रता आधी ओळखून पाहिली. वरचा थर सुरेख जुळला, खालचा अजिबात नाही. दुपार त्यातच गेली. शेवटी वेव्हलेटची, म्हणजे हिशेबात धरलेल्या मूळ लहरीची, फेज (तिचे चढउतार कुठे येतात ते) चुकलेली सापडली.

रिक्षात आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण आत पाणी आहे की तेल, हे कळतं का?"

नेमकं तिथेच अवघड आहे. वायू असला तर पी-लहर, म्हणजे खडक दाबत-सैलावत पुढे जाणारी, मंदावते; एस-लहरीला, म्हणजे खडक आडवा हलवत जाणारीला, फारसा फरक पडत नाही, त्यामुळे दोन्हींच्या वेगांच्या गुणोत्तरात तो दिसतो. तेल आणि पाणी मात्र फार जवळजवळचे. उद्या सकाळी तेच घेऊन बसणार आहे.