सहा तास पाय सरळ

माझ्या अँजिओप्लास्टीचं कुणी विचारलं की मी पायाचं सांगायला लागते. हृदयाचं काम पाऊण तासात उरकलं होतं, आणि ते डॉक्टरांनी केलं. पाय मात्र मला सांभाळावा लागला, म्हणजे खरं तर सिस्टरला.

वय 58, बारा वर्षांपासून साखर. सांगलीत घरीच ब्लाऊज शिवते. छातीत कळ वगैरे कधी आली नाही. जिना चढला की जबडा आवळल्यासारखा व्हायचा आणि दम लागायचा. मला वाटलं दाढ असेल. दाताच्या डॉक्टरांनीच आधी ईसीजी काढून या म्हणून पिटाळलं. मग इको, मग मिरजेला अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतून तार-नळी घालून हृदयाच्या धमन्यांचा फोटो, आणि ब्लॉक निघालाच तर तिथल्या तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, असं ठरलं. सरकारच्या महात्मा फुले योजनेत, म्हणजे मोफत उपचारात, बसत होतं, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन मुलगा दीड दिवस आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापुढे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आदल्या रात्री सिस्टर आली, जतकडची, मुलाच्याच वयाची. मनगट आणि दोन्ही जांघा साफ करायच्या म्हणाली. मी म्हटलं, तार हातातून घालणार आहेत ना? "हातातनं नाही जमलं तर काकू? तेव्हा धावपळ नको." बांगड्या उतरवल्या, जोडवी निघेनात, ती साबण लावून तिनेच काढली आणि रुमालात बांधून सुनेच्या हातात दिली. मग दोन्ही पावलांवर बोटं फिरवत बसली. एका जागी थांबली आणि बॉलपेनने फुली मारली. "इथं नाडी लागते. उद्या परत इथंच बघणार." मला गंमत वाटली. कापडावर खडूने खूण करतो तशीच.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे हे करतात त्या खोलीत, थंडी फार. हाताची धमनी आकसली, तार पुढे जाईना. बायकांमध्ये हे जास्त होतं म्हणे, धमनी बारीक असते. मग उजव्या जांघेतून. डाय, म्हणजे फोटोत धमनी दिसावी म्हणून सोडतात ते औषध, सोडला की अंगभर ऊन पाणी ओतल्यासारखं वाटतं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. एक स्टेंट पडला.

वॉर्डात आले तेव्हा जांघेत नळी तशीच होती. तिला शीथ म्हणतात. रक्त पातळ करायला हेपारिन दिलेलं असतं, त्याचा जोर उतरेपर्यंत नळी काढत नाहीत. गोठायची वेळ तपासून साडेपाचला काढायची ठरली. सिस्टर उजव्या बाजूला, ब्रदर मॉनिटरपाशी, हाताशी एक इंजेक्शन भरून ठेवलेलं. नळी निघाली त्याच क्षणी तिची तीन बोटं जांघेवर बसली. भोकावर नाही, त्याच्या दोन बोटं वर. मी विचारलंच. म्हणाली, कातडीचं भोक खाली असतं, धमनीचं त्याच्या वर, कारण सुई तिरकी जाते. हे मला लगेच पटलं.

वीस मिनिटं तिने बोटं उचलली नाहीत. थांबलं का बघू, असंही एकदा नाही. नखं पांढरी पडली होती, मनगट थरथरत होतं. मध्येच माझ्या कानात गुंई झालं, घाम फुटला, छत लांब गेलं. दाबामुळे काहींची नाडी मंदावते आणि बीपी एकदम उतरतं, ते भरलेलं इंजेक्शन त्यासाठीच होतं. ब्रदरने पाय वर केले, सलाईन जोरात सोडलं, इंजेक्शन दिलं. ती बोटं न हलवता विचारत होती, "काकू, एका ब्लाऊजचं किती घेता?" मी म्हणे पुटपुटले, अस्तराचं की बिनअस्तराचं. हे मला आठवत नाही, ब्रदरने नंतर सांगितलं.

त्यानंतर सहा तास पाय सरळ. डोकं उचलायचं नाही, खोकला आला तर पट्टीवर हात दाबून खोकायचं. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी यायचं. बीपी, जांघ, आणि पावलावरची फुली. पुढे अर्ध्या तासाने. डाय लघवीवाटे जायला हवा म्हणून पाणी भरपूर प्या, आणि प्यायलं की आडव्यानेच पॉट. त्याबद्दल इतकंच पुरे.

चूक माझी झाली. रात्री नऊच्या सुमाराला चादर पायाखाली गेली, ती ओढायला गुडघा वाकवला. जांघेत कोमट ओलं लागलं. मला वाटलं, लघवी झाली. आणि लाजेने मी बेल दाबली नाही. दोन-तीन मिनिटं तशीच पडून राहिले. पाठ ओली व्हायला लागली तेव्हा हात बेलकडे गेला.

सिस्टरने चादर उचलली आणि काही न बोलता परत बोटं ठेवली. पुन्हा पंधरा मिनिटं. मग सुजेभोवती पेनने गोल काढला, तो ओलांडून सूज वाढते का ते कळायला. पाठ किंवा कंबर दुखते का, हे दर वेळी विचारायची, कारण रक्त आतल्या आतही जाऊ शकतं. सहा तास पहिल्यापासून सुरू. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लाजलात ना? ओलं लागलं की आधी बेल, काय आहे ते आम्ही बघू."

डिस्चार्जला डॉक्टर दोन मिनिटं आले. गोळ्यांचं तिनेच पाकिटं हातात घेऊन समजावलं. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, या दोन आपल्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी इथं विचारायचं. बंद केलेली साखरेची मेटफॉर्मिन दोन दिवसांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघून सुरू करायची. आठवडाभर जड उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही.

मी उठले तसं तिने विचारलं, "मशीन मोटरची की पायाची?"

पायाची, मी म्हटलं.

"मग अजून आठ दिवस गिऱ्हाइकांना थांबवा. नाहीतर मोटर बसवून घ्या."

मुलाने मोटर आणलीय. पहिला ब्लाऊज तिरका शिवला गेला, उसवला. जांघेतला डाग आधी जांभळा होता, मग हिरवा, आता पिवळा पडलाय. पावलावरची फुली मात्र दोन आंघोळींतच गेली.