पाणी सोडत नाही

विमान घेतलं होतं लेकासाठी, त्याच्या बाराव्या वाढदिवसाला. रिमोटवर उडणारं, सव्वा मीटर पंखांचं, फोमचं, चाकांच्या जागी दोन लांबुळक्या होड्या, म्हणजे फ्लोट, लावता येणारं. अमेरिकेत २५० ग्रॅमपेक्षा जड काहीही हौसेने उडवायचं तर एफएएकडे, म्हणजे तिथल्या सरकारी विमान खात्याकडे, नोंदणी लागते, आणि १३ वर्षांखालच्या मुलाला ती स्वतःच्या नावाने करता येत नाही. म्हणून ५ डॉलर मी भरले, ती फुकटातली ऑनलाइन परीक्षा मी दिली आणि विमानावर माझ्या नावचा नंबर चिकटवला. चार शनिवारांत लेकाचा उत्साह संपला. नंबर माझा होता, विमानही माझ्याच गळ्यात पडलं.

पाण्यावरून विमान उडवायचं हे खूळ इथे कुणाला खूळ वाटत नाही. आम्ही सिएटलच्या उत्तरेला राहतो. गाडीने पंधरा मिनिटांवर केनमोर आहे, तिथे लेक वॉशिंग्टनच्या टोकाला १९४६ पासून खरीखुरी पाण्यावरची विमानं येतात-जातात. त्यातली कितीतरी बीव्हर जातीची. हे कॅनडाचं विमान पहिल्यांदा १९४७ मध्ये उडालं, १९६७ मध्ये ते बनायचंही थांबलं, पण माणसं आजही त्यातून बेटांवर सहलीला जातात. आणि बोईंग! ज्या कंपनीमुळे हे शहर जगाला माहीत झालं, तिच्या पहिल्या विमानाला चाकंच नव्हती. १५ जून १९१६ रोजी ते शहराच्या मधोमध असलेल्या लेक युनियनवरून उडालं. ठरलेला वैमानिक यायला उशीर झाला, म्हणून विल्यम बोईंग स्वतःच चालवायला बसला असं सांगतात. मालक असावा तर असा.

मार्चमध्ये सासूबाई आणि बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा म्हणजे माझे सासरे, कोल्हापूरच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इकडे येणाऱ्या सासऱ्यांचं जे होतं तेच त्यांचंही झालं. पहिले पंधरा दिवस कौतुक, मग खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांची मोजदाद. एका शनिवारी मी डिकीत सामान भरत होते, तेव्हा म्हणाले, "मीबी येतो गं. हितं बसून काय करू?"

तळ्याचं नाव लिहीत नाही. आमच्या छोट्या क्लबला तिथे सकाळचे काही तास मिळतात, तेवढे टिकू देत.

गाडीतच बाबांनी विमान मांडीवर उलटं घेऊन तपासलं. फ्लोटच्या तळावरून बोट फिरवताना मध्यावर थांबले. तिथे तळ एकदम अर्धा बोट वर चढतो, जशी घराची पायरी.

"ही खाच कशाला? फुटलंय काय?"

फुटलेलं नाही, सगळं गणित त्या खाचेतच आहे. ओट्यावर ओली ताटली ठेवली की ती घट्ट बसते, कितीही ओढा. कड जराशी उचलून हवा शिरू दिली की लगेच सुटते. विमानाचंही तेच. वेग आला की फ्लोट पाण्यातून वर येतात आणि पृष्ठभागावर घसरू लागतात, पण मागचा तळ पाण्याला चिकटलेलाच राहतो. त्या पायरीपाशी पाण्याची धार तुटते, मागे हवा शिरते आणि चिकटलेलं सुटतं. पायरीची जागा विमानाच्या तोलबिंदूच्या किंचित मागे हवी. फार मागे असेल तर नाक वर उचलता येत नाही, पुढे असेल तर घसरताना विमान डुलायला लागतं. विमानं बनवण्यात मुरलेल्या ग्लेन कर्टिससारख्या माणसाची उडती होडीसुद्धा १९१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या केउका सरोवरावर अशीच अडून बसली होती, तळाला पायरी बसवल्यावर सुटली. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे इंजिनाचा दोष न्हाई. पाणीच सोडत न्हाई."

त्या दिवशी पाणी खरंच सोडत नव्हतं. वारा अजिबात नव्हता, तळं आरशासारखं. मला वाटलं, वा, पहिल्यांदाच बाबांना दाखवायचं आणि काय सुरेख सकाळ! थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा जोर, हळूहळू वाढवला. सुरुवातीला एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, वर धरून ठेवायचा, म्हणजे फ्लोटची नाकं बुडत नाहीत आणि पंख्यावर पाणी उडत नाही. विमान घसरायला लागलं की तो सैल सोडायचा. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. विमान तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळालं, पण उठलं नाही. परत आणलं, पुन्हा तेच. पाण्यावर त्याला ब्रेक नसतात, त्यामुळे दर वेळी लव्हाळ्याच्या अलीकडे थ्रॉटल बंद करायला माझा जीव कंठाशी.

क्लबात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, तरुणपणी खरी फ्लोटची विमानं चालवलेले. इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही, म्हणून गेली दोन वर्षं मी नुसत्या 'हाय'वर भागवते आहे. ते हसत म्हणाले, सपाट पाणी सगळ्यात वाईट. आधी विमानानेच गोल चक्कर मार, लाटा उठव, आणि मग त्याच लाटा कापत पळव.

तसं केलं. दोन चकरांत पाणी चुरगळलं. तिसऱ्या धावेत फ्लोटखालून टप टप टप असा आवाज आला आणि विमान हवेत! बाबांनी टाळी वाजवली. सहा मिनिटं उडवलं. सकाळच्या उन्हात पंखांची खालची नारंगी बाजू चमकत होती. तिला मुद्दाम भडक रंग दिलाय, दूरवर गेलं की वरची बाजू कुठली आणि खालची कुठली ते त्यावरून कळतं.

उतरवताना तोच आरसा पुन्हा आडवा आला. एव्हाना लाटा विरल्या होत्या. सपाट पाण्यात प्रतिबिंब इतकं स्वच्छ असतं की पृष्ठभाग नेमका कुठे आहे ते डोळ्यांना कळेनासं होतं. खरे वैमानिकही याला वचकून असतात. मला वाटलं विमान वीतभर वर आहे, म्हणून थ्रॉटल तोडला. ते चांगलं हातभर वर होतं. नाकावर पडलं, फ्लोटची टोकं रुतली आणि कोलांटी खाऊन उलटं झालं. मी रिमोटच्या काड्या हलवत राहिले, पण उपयोग शून्य. आमचे रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचे असतात आणि अँटेना पाण्याखाली गेली की तो सिग्नल तिथवर पोचतच नाही.

"आधी सोडंना," बाबा म्हणाले, "आता घिऊन बसलं." आणि पॅन्ट दुमडायला लागले.

पंचगंगेत वाढलेला माणूस! पण हे पाणी एप्रिलमधलं होतं, अशा गारठ्यात उडी मारली की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पहिल्या मिनिटातच श्वास अडकतो. मी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो विमानापलीकडे फेकायचा आणि दोरीने विमान हळूहळू ओढून आणायचं, ही इथली रीत. विमान चाळीस मीटरवर होतं आणि माझी फेक जेमतेम बारा. शेवटी ते 'हाय'वाले गृहस्थ लाइफ जॅकेट घालून कयाकमधून गेले आणि घेऊन आले.

पुढचा अर्धा तास बाबांचा होता. त्यांनी बाकावर टॉवेल पसरला आणि पहिल्यांदा बॅटरी काढली. २०१९ च्या महापुरानंतर गल्लीतल्या निम्म्या मोटारसायकली त्यांनी अंगणात खोलल्या होत्या. पाणी गेलेल्या यंत्राला वाळेपर्यंत वीज दाखवायची नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर मी फुग्यात घालून तोंड आवळून टाकलं होतं, तो कोरडा ठणठणीत निघाला. बाबांनी फुगा उजेडात धरून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती. एक सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, मात्र गेला. 'हाय'वाल्यांनी स्वतःच्या डब्यातला जुना दिला आणि दोघांनी मिळून बसवला. एकाचं कोल्हापुरी, एकाचं इंग्रजी, मध्ये स्क्रू ड्रायव्हर.

निघताना बाबांनी विमान वळवणाऱ्या रडरमध्ये गुंतलेलं शेवाळ ओढून तळ्यात फेकायला हात उचलला. मी थांबवलं. वॉशिंग्टन राज्यात एका तळ्यातलं गवत दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून होड्या साफ करून, निथळून न्यायचा नियम आहे आणि आमच्या क्लबात तो विमानांनाही लावतात. काढलेलं गवत थेट कचऱ्यात.

"रंकाळ्याला हे आधी केलं असतं तर," ते म्हणाले, "केंदाळ काढायला जेसीबी लागला नसता." मग बोटाने फ्लोटच्या पायरीतला शेवटचा तंतू काढून त्यांनी रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला.

सप्टेंबरमध्ये ते परत गेले. आता शनिवारी रात्री त्यांचा फोन येतो, तेव्हा तिकडे रविवारची सकाळ असते. नातवाची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, "पाणी कसलं होतं आज?"