आज तंबोरा सरांकडे

आमच्या गाण्याच्या क्लासची गुरुपौर्णिमा पौर्णिमेला क्वचितच झाली. आषाढी पौर्णिमा मधल्या वारी आली की कार्यक्रम पुढच्या रविवारी. हॉल तेव्हाच मोकळा असायचा.

गंडाबंधन, म्हणजे गुरूने धागा बांधून शिष्य करून घेणं, वगैरे प्रकार आमच्याकडे नव्हता. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि गुरूच्या घरी न राहताही चारचौघांत बसून गाणं शिकायची सोय झाली. आम्ही त्याच वाटेवरचे. आठवड्याला दोन तास, वहीत उतरवलेली बंदिश, मध्यमा, विशारद अशा परीक्षा. सरांशी आपलं नातं एवढंच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

एरवी सर गायचे आणि मागे आमच्यापैकी कुणीतरी तंबोरा धरायचं. त्या रविवारी उलटं. भूपाची सरगम म्हणणाऱ्या चिमुरड्यांपासून विशारदच्या ताईंपर्यंत सगळ्यांच्या मागे सरच. पावसाळी हवेत तंबोरा टिकत नाही, दोन गाणी झाली की उतरतो. मग सर मान तिरकी करून कान भोपळ्याशी नेत, तारांतले मणी सरकवत, घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा बोटाने इकडचा तिकडे करत. भाषणं मात्र मला एकही आठवत नाही.

एका वर्षी मी मालकंस राग गायले. मालकंसात पंचम, म्हणजे प, नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर, म्हणजे म वर; मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, नेहमीसारख्या षड्जावर. मुखडा झाला, आलापी झाली आणि अंतरा डोक्यातून साफ गेला. परत मुखडा, परत मुखडा. तबलजी माझ्याकडे बघायला लागले. सरांनी शब्द सांगितला नाही. मध्यमाची तार तेवढी जरा जोरात छेडली, दोनदा. अंतरा मध्यमावरूनच उठत होता! सापडला.

पुढच्या तासाला मी बोलणी खायच्या तयारीने गेले. सर म्हणाले, "षड्ज बरा लागला होता गं परवा." अंतऱ्याचं नावच नाही.

आता सरांना मांडी घालून बसवत नाही. ते पहिल्या रांगेत खुर्चीवर असतात आणि तंबोरा माझ्याकडे. गेल्या वर्षी एका मुलाचा यमन सुरू होणार, इतक्यात सरांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला. ओठ हलले, "जोड."

मी वाजवून पाहिलं. जोडातली एक तार उतरली होती, अगदी केसभर.