चंद्र नसलेलं लास्ट

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. मघाशी लाईट गेली होती, आत्ता आली, पंखा फिरतोय पण गादी तापलेलीच आहे, आषाढी होऊन आठ दिवस झाले तरी पाऊस नुसता रस्ता ओला करून जातोय. पण झोप न यायचं कारण ते नाही. कारण एवढुसं आहे. एका अक्षरावर नसलेला चंद्र.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि चिनूनं मोबाईलवर पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर' लावलं. मला आवडतं म्हणून मुद्दामच लावते ती. सुरुवातीची ती रेडिओची स्टेशनं बदलल्यासारखी खरखर, मग लांबून, जणू त्या रेडिओतूनच येतेय अशी गिटार, आणि मग अगदी कानाशी दुसरी गिटार, कुणीतरी एकटं खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतंय अशी. मला त्या दुसऱ्या गिटारीपाशी दरवेळी पोटात काहीतरी होतं. तर फोन तिनं पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, शब्द स्क्रीनवर सरकत होते, आणि त्या माशांच्या भांड्याच्या ओळीला आलं 'लॉस्ट'. एल ओ एस टी. मी म्हटलं, चुकीचं लिहिलंय बघ त्यांनी, लास्ट आहे ते, टू लास्ट सोल्स. चिनू म्हणाली, "आत्या, लॉस्टच आहे गं. हरवलेले दोन जीव. शेवटचे दोन म्हणायचं असतं तर लास्ट टू म्हणाला असता ना तो."

भाकरी तव्यावर करपली. तिला वाटलं मी चिडले. चिडले नव्हते, मला काही सुचेनाच.

जेवण झाल्यावर ट्रंकेतून वही काढली. कारखान्याची ती लांबडी, लाल कापडी बांधणीची. पहिली आठ-दहा पानं टॉवेलचा हिशोब, किती डझन गेले, किती परत आले, आणि मग एकदम पान उलटलं की दादाचं अक्षर तेच पण मजकूर इंग्लिश गाण्यांचा, सगळा देवनागरीत. कॅसेटच्या आतल्या कागदावर शब्द छापलेलेच नसायचे. दादा टेपरेकॉर्डरचं पॉज दाबून दाबून एकेक ओळ ऐकायचा, मागं घ्यायचा, परत ऐकायचा, कळलं नाही तिथं तेवढ्याच लांबीची रेघ मारून ठेवायचा आणि महिनाभरानं कधीतरी कळलं की त्या रेघेच्या वर लाल पेनानं शब्द. काही रेघा अजून तशाच रिकाम्या आहेत. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायचं काम माझं.

आणि त्या पानावर आहे ते असं. 'टू लास्ट सोल्स'. निळ्या पेनानं, स्वच्छ. ल ला काना, वर काही नाही. मी चिनूला दाखवलं, बघ, म्हटलं, माझ्या मनचं नाहीये हे. तिनं वही हातात घेतली, दोन पानं मागं उलटली आणि म्हणाली, "आत्या, पप्पांनी इथं काय लिहिलंय ते वाच." तिथं वर ठळक, खाली दुहेरी रेघ मारून, 'हाटेल क्यालिफोर्निया'.

हाटेल. क्यालिफोर्निया. अख्ख्या वहीत शोधलं. कालेज, डाक्टर, आफिस, क्यासेट, ब्यांड. एकाही शब्दावर चंद्र नाही. दादा चंद्र देतच नव्हता. त्याचं ते लास्ट म्हणजे लॉस्टच होतं, त्यानं बरोबरच ऐकलं होतं, चुकीचं मी वाचलं. मी अकरावीत होते तेव्हापासून.

आता यात एवढं लागण्यासारखं काय आहे असं कुणीही म्हणेल. चिनू तेच म्हणाली, ऐकण्यात सगळ्यांच्याच चुका होतात म्हणाली. माझी ऐकण्यातही नाही, वाचण्यातली. पण मी त्या एका शब्दावर घर बांधलं होतं हो. आई गेली त्या वर्षी ही वही भरली, नाना तर भोंगा बंद झाल्यापासून घरात असून नसल्यासारखे. मला वाटायचं दादानं गाण्यातून मला सांगितलंय, की आता आपण दोघंच उरलो, शेवटचे दोघं, एकाच भांड्यात गोल गोल फिरणारे. मी त्यात स्वतःला इतकं सुरक्षित समजायचे. लास्ट म्हणजे उरलेले, म्हणजे एकमेकांना धरून असलेले. लॉस्ट म्हणजे काय, एका भांड्यात असूनही एकमेकांना सापडत नाहीत ते. पार उलटा अर्थ झाला की.

अर्थ काढायचं वेड आम्हाला दादानंच लावलं. त्याला कुठलंही गाणं सरळ ऐकताच यायचं नाही. 'हाटेल' म्हणजे काय यावर तर आमच्या गच्चीवर रात्र रात्र चर्चा. ईगल्सचं ते गाणं डिसेंबर १९७६ च्या अल्बममधलं, जगभर लोकांनी त्यात काय काय पाहिलं, सैतानाचं देऊळ, वेड्यांचं इस्पितळ, तुरुंग, नशा. ईगल्समधलाच डॉन हेन्ली सांगत आला की निरागसपणाकडून अनुभवाकडे जाण्याचा प्रवास आहे तो, अमेरिकेतल्या अतिरेकाबद्दल आहे. दादाचं म्हणणं वेगळंच. त्याच्या मते ते हाटेल म्हणजे कारखाना. हिशोब चुकता करून तू कधीही निघू शकतोस पण सुटत नाहीस. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि सकाळी आठ ते रात्री आठ मागांच्या आवाजात बसून डझन मोजत होता, त्याला दुसरं काय दिसणार.

एकदा कुठंतरी वाचलं त्यानं की लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' उलटं वाजवलं की सैतानाचा निरोप ऐकू येतो. झालं, कॅसेटचे बारीक स्क्रू काढून फीत पिळून उलटी भरली. उलटी भरलेली फीत वाजते पण कांबळ्यातून बोलल्यासारखी, घुमट. आम्ही दोघं स्पीकरला कान लावून बसलो होतो. मला त्यात शेजारच्या अव्वांची हाक ऐकू आली. खरंच, "रा रा" असं, तेलुगूत. दादाला काहीच ऐकू आलं नाही, तो जरा खट्टू झाला.

मला वाटतं सोलापुरात वाढलं की ही सवयच लागते. भिंतीपलीकडं तेलुगू, बोळात कन्नड, चौकात उर्दू, लहानपणी निम्मं बोलणं कळायचंच नाही, आवाजावरून आणि चेहऱ्यावरून अर्थ जुळवायचा आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज जाताना "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" मी कळायला लागल्यापासून ओरडत आलेय, भक्तलिंग शब्द फोडून कधी बघितला नाही, अंगावर काटा मात्र दरवर्षी येतो. आणि आजी. आजी मुक्ताबाईची ती मुंगी सांगायची, आकाशात उडाली आणि सूर्याला गिळलं ती. कीर्तनात बुवा त्या एका ओळीवर तास तास बोलायचे, दरवर्षी वेगळा अर्थ निघायचा, आणि म्हाताऱ्या बायका माना डोलवायच्या. कुणी उठून म्हणालं नाही की बुवा, मागच्या वर्षी तर मुंगी म्हणजे दुसरंच काहीतरी होतं.

तसं बघायला गेलं तर लिहिणाऱ्यानं सांगूनही लोक ऐकत नाहीत. बीटल्सवाल्या जॉन लेननचा मुलगा ज्युलियन शाळेतून वर्गमैत्रिणीचं चित्र काढून घेऊन आला, ल्युसी, आकाशात, हिऱ्यांबरोबर, म्हणून १९६७ चं ते 'ल्युसी इन द स्काय विथ डायमंड्स' गाणं. लेनन सांगत राहिला की नावातली अक्षरं एल एस डी या नशेच्या औषधाची म्हणून घेतलेली नाहीत. अजूनही निम्म्या लोकांना ते पटत नाही. ती ल्युसी खरोखर होती, २००९ साली वारली. त्याच वर्षी, म्हणजे १९६७ लाच, लेननच्या जुन्या शाळेतल्या एका पोरानं त्याला पत्र पाठवलं की आमचे सर वर्गात तुमच्या गाण्यांचे अर्थ सांगतात, तर त्यानं 'आय अ‍ॅम द वॉलरस'मध्ये मुद्दाम न लागणाऱ्या ओळी घातल्या. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "घालू दे की, आपण लावू." दादा असा होता.

होता काय, आहे.

लिहिता लिहिता मन भलतीकडं जातंय. मला खरं टोचतंय ते वेगळंच आहे. राखीचं पाकीट. लग्न झाल्यापासून मी दरवर्षी पाकिटाच्या मागच्या बाजूला, डिंक लावतो तिथं, ते तीन शब्द लिहायचे. टू लास्ट सोल्स. त्याच्याच वहीतले म्हणून, त्यानं लिहिलेत तसेच, देवनागरीत, बिनचंद्राचे. एकवीस राख्या गेल्या अशा. मी लिहीत होते शेवटचे दोघं. आणि त्यानं ते वाचलं असणार हरवलेले दोघं, कारण त्याच्या अक्षरांत त्या शब्दाचा तोच अर्थ. म्हणजे मी दरवर्षी त्याला कळवतेय की आपण आहोत एकमेकांना, आणि तिकडं त्याला दरवर्षी बहिणीचं पाकीट येतंय की आपण हरवलो. काय वाटलं असेल त्याला? चांगल्या वर्षी काय वाटलं असेल आणि त्या सह्यांच्या वर्षी काय वाटलं असेल? त्यानंतर मी पाकीट पाठवलंच नाही. तीन वर्षं. वैनी बोलली ते एक वेळ जाऊ दे. पण तोही एका शब्दानं नाही म्हणाला की राखी का नाही आली, आणि मी ते धरून बसले. त्याला पटलंच असेल, की खरंय, लिहीत होती तसंच झालं.

रडले मघाशी थोडी. लाईट नव्हती ते बरंच झालं.

मग पाणी पिऊन आले आणि परत वही उघडली. त्या गाण्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात दादानं बारीक अक्षरात लिहिलंय, 'सिडसाठी'. हे त्यानंच मला सांगितलं होतं. सिड बॅरेट, पिंक फ्लॉइड ज्यानं उभं केलं, पण त्याचं मन बिघडत गेलं आणि १९६८ ला तो ब्यांडमधून (बघा, मीही दादासारखंच लिहिलं) बाहेर पडला. १९७५ चा तो अख्खा अल्बम त्याच्या नसण्याबद्दलचा. आणि ५ जून १९७५ ला, ते त्याच्यावरच्याच गाण्याचं काम करत असताना, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक जाडा माणूस येऊन बसला, डोक्यावरचे केस नाहीत, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता. कळलं तेव्हा त्यांच्यातल्या रॉजर वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी मला हे ऐकून राग यायचा, सख्ख्या मित्राला कसं ओळखलं नाही.

मागच्या जूनमध्ये दादा चिनूला सोडायला आला. सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेस लागली, मी डब्यांकडं बघत पुढं पुढं चालत होते, आणि एका पांढऱ्या दाढीच्या, बारक्या झालेल्या माणसाच्या अगदी जवळून गेले. चिनूनं हाक मारली म्हणून वळले.

ते जाऊ दे.

आता रात्र झालीय म्हणून असेल, पण मघासारखं टोचत नाहीये. मी विचार करतेय, की समजा त्याला हरवलेले दोघं असंच पोचलं. तरी त्यात दोघं आहेतच ना. टू आहेच. त्या ओळीत ते दोन जीव एकाच भांड्यात पोहतायत, वर्षानुवर्षं, हे लास्टमध्येही आहे आणि लॉस्टमध्येही आहे. आणि सिडला उद्देशून ते गाणं म्हणजे तरी काय, तू इथं असायला हवा होतास एवढंच, हे तर पहिल्या दिवसापासून मलाही बरोबर कळलं होतं आणि त्यालाही. एका शब्दासाठी मी बाकीचं गाणं परत करणार नाही. माझं ते लास्ट माझ्याकडं राहू दे, त्याचं त्याच्याकडं.

राखीला अजून महिना आहे. पाकीट पाठवणार आहे. शब्दावर चंद्र द्यायचा की नाही ते ठरत नव्हतं म्हणून शेवटी चिनूला म्हटलं, मगाशी, ती अभ्यास करत जागीच होती, की पप्पांना सहज विचार, माझं नाव न घेता. ती लगेच फोन लावून मोकळी, एवढ्या रात्री. मी दाराआड उभी. पप्पा, म्हणाली, त्या गाण्यात लास्ट आहे की लॉस्ट? स्पीकरवर टाकला होता तिनं. दादाचा झोपेतला आवाज आला, "काय करलालीस गं एवढ्या रात्री? लास्टच की ते." त्याच्या तोंडून दोन्ही एकसारखंच येतं. चिनूनं परत विचारलं, पप्पा, कुठलं लास्ट? जरा वेळ नुसती खरखर, मग म्हणाला,

"आत्याला विचार की. वही तिच्याकडंच आहे."