उठल्यावर पहिली किती वेळात?

गेल्या महिन्यात एका बारशाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर नात्यातल्या एक ताई हळूच बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही एवढी वर्षं सिगारेट ओढत होता, मग तुमची सुटली कशी? ह्यांना सांगून सांगून मी थकले. सगळे म्हणतात, मनावर घेतलं की सुटते." हा प्रश्न मला कंपनीच्या गेटवर विचारतात, एसटीत विचारतात, रात्री फोन करून विचारतात. गडबडीत मी दोन वाक्यं बोलतो आणि घरी आल्यावर चुटपुट लागते, कारण खरं ते सांगायचं राहूनच जातं. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहितो.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी १९८६ साली हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा १९ वर्षांचा होतो. फाउंड्रीत काम जेवढं असतं तेवढंच थांबणंही असतं. भट्टीत लोखंड वितळेपर्यंत थांबायचं, हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची एक खेप, तयार झाली की धावपळ करून साचे भरायचे, मग पुन्हा थांबायचं. थांबलेल्या प्रत्येकाच्या हातात सिगारेट नाहीतर बिडी. मीही तिथेच शिकलो. पुढे सुपरवायझर झालो, पगार वाढला, सिगारेटीही वाढल्या. शेवटी शेवटी दिवसाला २५ ते ३० जात होत्या, रात्रपाळीला त्याहून जास्त.

आता त्या 'मनावर घेण्या'बद्दल. मी मनावर घेतलं होतं. हे कुणाला खरं वाटत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. २००८ साली चैत्र यात्रेनंतर जोतिबाच्या डोंगरावर गेलो, गुलाल कपाळाला लावला आणि देवासमोर शपथ घेतली. बायको शेजारी उभी होती. त्या शपथेवर मी १९ दिवस काढले. झोप उडाली, जेवताना हात थरथरायचे, पोरांवर विनाकारण खेकसायचो, साच्यांचा हिशेब तीनदा करूनही जुळायचा नाही. विसाव्या दिवशी दुसऱ्या पाळीत एक साचा फुटला आणि पातळ लोखंड जमिनीवर पसरलं. कुणाला इजा झाली नाही. पण सगळं विझवून, वाळू टाकून बाहेर आलो तेव्हा पाय लटपटत होते. कुणीतरी पेटवलेली सिगारेट पुढे केली आणि मी ती घेतली.

त्यानंतर दोन वर्षं मी जोतिबावर गेलो नाही. गुडघे दुखतात असं घरी सांगायचो. देवाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि ती लाज आली की मी आणखी एक पेटवायचो. शपथ मोडलेला माणूस अशीच माझी माझ्याशी ओळख झाली होती. अशा माणसाला कुणी 'मनावर घे' म्हटलं की तो मान हलवतो आणि पानपट्टीकडे वळतो.

मधल्या काळात बाकीचे उपायही केले. पाकीट न घेता सुट्टी सिगारेट घ्यायची असं ठरवलं, तर पानपट्टीच्या खेपा वाढल्या. (२०२० मध्ये आपल्या राज्यात सुट्टी विक्रीवर बंदी आली. ती नीट पाळली गेली तर नव्या पोरांचं फार भलं होईल.) 'लाइट' सिगारेट धरली. तिच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, त्यातून हवा मिसळते म्हणून धूर हलका लागतो. पण ओढणाऱ्याची बोटं आणि ओठ नेमके त्या भोकांवर येतात, आणि शरीराला हवं तेवढं मिळेपर्यंत तो झुरकेही खोल घेतो. मी घेतच होतो. एकाने तर सरळ सल्ला दिला की त्यापेक्षा तंबाखू मळ. आपल्याकडे हा सल्ला हमखास मिळतो, कारण महाराष्ट्रात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू, मिश्री, गुटखावाले कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ओढणारे प्रौढ शंभरात चारसुद्धा नव्हते आणि बिनधुराची तंबाखू खाणारे-लावणारे चोवीसच्या आसपास होते. तो सल्ला मी ऐकला नाही, एवढं एक बरं झालं. व्यसन लावणारं निकोटिन तेच, फक्त कॅन्सर तोंडात शिरायची वाट मोकळी.

मग २०१९ चा फेब्रुवारी. क्रेनच्या लोखंडी जिन्यावर मध्येच थांबावं लागायला लागलं, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, ती स्पायरोमेट्री, फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी. फुप्फुसाचं जे गेलंय ते परत येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. भट्टीच्या धुळीचाही त्यात वाटा असणार, तेही सांगितलं. मग विचारलं, "काका, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात?"

दिवसाला किती, हे मला सगळ्यांनी विचारलं होतं. हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "उठल्या उठल्या. चहाच्याही आधी. अंथरुणावरून उठलो की पाच मिनिटांत."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, म्हणून रात्रभराच्या झोपेत ते खूप खाली येतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन धरून ठेवणाऱ्या जागा वाढलेल्या असतात, आणि सकाळी त्या सगळ्या एकदम मागायला लागतात. ज्याला पहिल्या पाच मिनिटांत लागते, त्याचं अवलंबित्व सगळ्यात तीव्र. "तुमचं मन कच्चं आहे असं मला दिसत नाही," त्या म्हणाल्या, "तुमच्यावर उपचार झालेला नाही एवढंच दिसतंय."

बायको शेजारच्या खुर्चीत होती. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना ती म्हणाली, "म्हणजे जोतिबावर तुम्ही खोटं बोलला नव्हता." अकरा वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही ते आठवलं की गळा भरून येतो.

उपचार साधाच होता. तारीख ठरवली, १ मार्च. निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं, चार मिलिग्रॅमचं, कारण पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागणाऱ्याला दोनचं सहसा पुरत नाही. सुरुवातीला दर तास-दोन तासांनी एक, मग कमी करत सुमारे बारा आठवड्यांत बंद. पहिल्या दिवशी मी ते साध्या च्युइंगमसारखं चावत सुटलो, तर घशाला आग आणि उचक्यांवर उचक्या. दुसऱ्याच दिवशी फेकून देणार होतो. फोन केल्यावर त्यांनी पुन्हा नीट सांगितलं. हळूहळू चावायचं, मिरीसारखा झणका आला की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, झणका गेला की पुन्हा चावायचं. निकोटिन गालाच्या आतून रक्तात जातं, गिळलं तर पोटात जळजळतं आणि फुकट जातं. आणि गम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. किती जणांनी या एका गोष्टीपायी गम सोडून पुन्हा पाकीट धरलं असेल, याचा मला नेहमी विचार येतो.

चहाचीच दुसरी गोष्ट. चौथ्या-पाचव्या दिवसापासून छातीत धडधडायला लागलं, रात्री टक्क जाग. मला वाटलं, सिगारेट सोडल्याने हार्टच गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, चहा किती? म्हटलं, दहा कप. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफिन भराभर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. चार कपांवर आलो आणि धडधड थांबली. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण नेमक्या त्या आठवड्यात माणूस हातात काहीतरी हवं म्हणून चहा वाढवतो.

खोकलाही वाढतो, घाबरू नका. श्वासनळीतले बारीक केस पुन्हा काम करायला लागतात आणि साठलेलं बाहेर ढकलतात. वजन वाढतं. माझं पाच किलो वाढलं, अजून सगळं उतरलेलं नाही.

तलफेचं मात्र वेगळं सांगतो. ती आली की वाटतं, आता ही दिवसभर अशीच राहणार. भट्टीजवळच्या घड्याळावर मी ती मोजायला लागलो. पाच मिनिटं, कधी सात. दहाच्या पुढे क्वचित. पहिले तीन दिवस ती दहा-दहा मिनिटांनी यायची, पंधरवड्यानंतर दिवसातून चार-पाचदा. लोखंड ओतायची वाट बघायची जागा मी बदलली, पॅटर्न स्टोअरच्या, म्हणजे साच्यांचे नमुने ठेवायच्या खोलीच्या, दारात उभा राहायला लागलो. जुन्या जागेवर उभा राहिलो असतो तर हात आपोआप खिशात गेला असता.

एक्केचाळिसाव्या दिवशी घसरलो. जवळचा एक सहकारी गेला. पंचगंगेच्या घाटावर सगळे गटागटाने उभे, प्रत्येक गटात धूर. मी दोन झुरके घेतले. घरी येईपर्यंत २००८ ची तीच लाज अंगावर आली आणि वाटलं, संपलं. त्या रात्री पाकिटावर छापलेल्या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर आठवला, १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी लावला, मराठीत बोलणारे समुपदेशक मिळाले. सगळं ऐकून ते म्हणाले, "दोन झुरके घेतलेत, तर दोनच धरा. तारीख बदलू नका. आज गम चालू ठेवा आणि घाटावर पुन्हा जायचं असेल तर कुणाशेजारी उभं राहायचं ते आधी ठरवा." तेराव्याला मी गेलो तेव्हा मेव्हण्याशेजारी उभा राहिलो. तो ओढत नाही.

त्यानंतर आजपर्यंत एकही नाही.

ताई, लोक विचारतात, इतक्या उशिरा सोडून फायदा काय? ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सवयींची आणि मृत्यूंची नोंद पन्नास वर्षं ठेवली. २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिशीत सोडणाऱ्याची सुमारे दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. मी ५२ व्या वर्षी सोडली. माझं फुप्फुस तरुण झालेलं नाही, पण त्याची घसरण मंदावली आहे. जोतिबाच्या पायऱ्या मी दोनदा थांबून चढतो. यंदाही चढलो.

तुमच्या ह्यांना आज रात्री रागावू नका, शपथ घालू नका, पोरांची आण तर अजिबात नको. ती मोडली की ते तुमच्यापासून लपायला लागतील. एवढंच विचारा, उठल्यावर पहिली किती वेळात लागते. ते खरं उत्तर देतील, कारण त्यात आरोप नाही. ते उत्तर घेऊन दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. गम किंवा दुसरं औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्या, ह्यांना बीपी आहे म्हणून मुद्दाम सांगतो. आणि कुणी म्हणालं की औषधाने सोडली त्यात काय मोठं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

ह्यांना माझ्याशी बोलायचं असलं तर संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांगा. सध्या दिवसपाळी आहे, मी घरीच असतो.